सगळ्यांवर टोमणे, माझ्यावर एकही नाही

माझ्या साडभावाचा अल्बम माझ्या खोलीत तयार झाला. माझ्या माइकवर, माझ्या कॉम्प्युटरवर. आणि तो चालला. माझा स्वतःचा अल्बम त्याच खोलीत, त्याच माइकवर, त्याच्या दोन वर्षं आधी तयार झाला होता, आणि त्याला कुत्र्यानंही हुंगलं नाही. आता खोटं कशाला बोलू, मी जळलो. अजूनही जळतो. घरच्या माणसाचं कौतुक वाटायला पाहिजे म्हणतात. पाहिजे, हे मलाही कळतं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो अकोल्याला एका डाळमिलमध्ये फिटर आहे. मी अमरावतीचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. ऑटोवर भोंगा लावून जो आवाज गावभर फिरतो ना, साड्यांचा सेल, शिकवणी वर्ग, मोफत दंतशिबीर, आणि निवडणुकीत आळीपाळीनं दोन्ही पार्ट्या, तो आवाज माझा. खोलीत आवाज घुमू नये म्हणून सासूबाईंनी शिवलेल्या वाकळा मी भिंतींना खिळ्यांनी ठोकल्या आहेत. मराठीत एम.ए. केलेलं आहे. मात्रा मोजता येतात, यमक जुळवता येतं, शब्द कुठं तोडायचा आणि कुठं ओढायचा ते कळतं. एवढं सगळं असताना रॅप मी करायचा की डाळीच्या चाळणीला ग्रीस लावणाऱ्यानं?

माझ्या अल्बममध्ये आठ गाणी होती. आमच्या बोलीला नाक मुरडणाऱ्या पुणेकरांवर एक, नागपूरच्या भावखाऊ लोकांवर एक, लग्नात डीजेपुढे लोळण घेणाऱ्यांवर एक, फीत कापायला हपापलेल्या पुढाऱ्यांवर दोन. टोमणे असे की ज्याच्यावर आहेत त्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. एकेका ओळीवर मी आठवडा आठवडा घालवला. ज्यांना ऐकवलं ते सगळे म्हणाले, "भारी हाय भाऊ." भारी आहे म्हणून उठून गेले.

आमच्याकडे गाणी खपतात ती मोबाइलच्या दुकानात. इंटरनेटवर टाकलेली असतातच, पण वावरात रेंज कुठं असते. मग ट्रॅक्टरवाले, जीपवाले, थ्रेशरवाले पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येतात आणि दुकानदार त्यात गाणी भरून देतो. काय चालतं आणि काय नाही ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. माझा अल्बम त्याच्याकडे ठेवला होता, तो तिथंच राहिला. एक दिवस मी त्याला विचारलं, काय रे, काय कमी आहे? त्यानं चार्जरची वायर गुंडाळत सांगितलं, "कमी काई नाई. जास्तच हाय." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता साडभावाबद्दल. पोळ्याच्या दिवशी आमच्या भागात झडत्या म्हणतात. गावाच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, तोरण बांधायचं, त्याखाली बैलजोड्या रांगेत उभ्या करायच्या, हल्ली अर्धी रांग ट्रॅक्टरांचीच असते, आणि मग एकेकानं पुढे येऊन हात वर करून यमकाच्या ओळी ठणकावायच्या. शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं. त्याआधी समोरच्याचं सगळं उणंदुणं काढायचं. ज्याच्यावर झडती म्हटली तो तिथंच कासरा धरून उभा असतो, त्याला कुठं पळता येत नाही. त्यानंही पुढे येऊन उत्तर द्यायचं. आमची सासुरवाडी दर्यापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या पोळ्यात साडभाऊ दरवर्षी झडत्या म्हणायचा आणि त्याच्या तोंडून त्या शोभायच्या, एवढं मी कबूल करतो. वीस वर्षं मिलच्या खडखडाटात काम करून त्याचा आवाज असा झाला आहे की तो घरात मीठ मागतो तेव्हा शेजारची बाई वाटी घेऊन येते.

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या खोलीवर आला. हातात शाळेची दोनशे पानी वही. म्हणाला, "भाऊ, झडत्यायचा अल्बम करू म्हणतो. खाली तो ढमढम लावून द्या तुमचा."

वही मेहुणीच्या अक्षरातली होती. "हिचं अक्षर बरं हाय," तो म्हणाला. मी चाळली नाही. मनात म्हटलं, करू दे, होऊ दे हसं. म्हणजे मी त्याला हो म्हणालो ते अल्बम पडावा म्हणूनच. हे कोणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो.

त्याची पद्धत अशी होती की एका गाण्यात एकाच माणसाला धरायचं, आणि गाण्याचा दुसरा अर्धा भाग त्याच माणसाला द्यायचा. तो स्वतः माइकवर येऊन उत्तर देणार. पहिला नंबर आमच्या सासऱ्यांचा. ते गावाहून बसनं आले, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि साडभावानं त्यांच्या तोंडावर म्हटलं:

मामाजीची मोटरसायकल, तिले सुतळीचा आधार,
ब्रेक लावाचा असला तं रस्ता लागते चढणदार.

सासरे शांतपणे ऐकत होते. मग माइकजवळ सरकले, घसा साफ केला आणि एका दमात बोलले:

जावई माहा गिरणीतला, डाळीपेक्षा कोंडा फार,
याले लेक देल्ली तवाच माहा ब्रेक झाला बेकार.

मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ पोटात दुखलं. सुतळी, ब्रेक, चढण, कोंडा, यात शब्दकोशात बघावा असा एक शब्द नाही. मी एम.ए. करून जे केलं नाही ते या माणसानं वंगण पुसता पुसता केलं, असं मला वाटलं. त्या दिवशी माझी बायको सगळ्यांसाठी डबा घेऊन आली होती. ती दाराशी उभी राहून बापाकडे बघत होती, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगं भाषण विसरू नये म्हणून आई बघते तशी. मला वाटलं, वडील माइकसमोर पहिल्यांदाच उभे आहेत म्हणून काळजी असेल.

मग सासूबाई आल्या. त्यांच्यावर ओळी होत्या:

मामीचा फोन उचलला तं अर्धा दिवस जाते,
'ठेवतो बरं' म्हणल्यावर मंग खरी गोष्ट येते.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावून इतकं हसून घेतलं की त्यांचं उत्तर मला चार वेळा रेकॉर्ड करावं लागलं. मेहुणीनं तर नवऱ्याला सरळ धुतलं:

नवरा माहा रॅपर झाला, गॉगल लावते थाटात,
शिंकला का तुरीची चुरी पडते समोरच्या ताटात.

साडभाऊ हे ऐकून टाळी वाजवत होता. स्वतःवरचा टोमणा ऐकून टाळ्या. मला तो बावळटपणा वाटला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की याची बायको याला चारचौघांत असं बोलते आणि हा माणूस फुलतो. माझी बायको मला असं कधी बोलली नाही. मी ते माझ्या बाजूनं मोजत आलो होतो. घर शांत आहे, बायको गरीब स्वभावाची आहे, मोठा जावई म्हणून मला मान आहे.

अल्बम निघाला आणि तीन-चार आठवड्यांत सगळीकडे झाला. मी एकदा दर्यापूरहून काळीपिवळी जीपमध्ये बसून सासुरवाडीला निघालो होतो, मागच्या सीटवर, एका मांडीवर माझी पिशवी आणि दुसऱ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. जीपवाल्यानं तोच अल्बम लावला. सासऱ्यांचा ब्रेक आला तशी जीपमधली एक म्हातारी हसून हसून ठसकली. तिला पाणी दिलं, तर पाणी पिऊन म्हणते, "लाव बाप्पा परत थेच." त्या गाण्याच्या खालचा ठेका मी दिला आहे, सासऱ्यांचा खोकला मी काढून टाकला आहे, हे तिथं कोणाला माहीत असणार. मी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिनं मला साडभावाचा फोन नंबर मागितला असता.

मी मोबाइलवाल्याकडे पुन्हा गेलो. का चालतो हा? यात एक मात्रा धड नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं ऐकलं का माणूस इचार करते. त्याचं ऐकलं का माणूस मामाले फोन लावते."

ते खरं होतं. सासरे चावडीपुढच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःवरचा टोमणा ऐकवायचे. सासूबाईंच्या माहेरी, बाळापूरकडे, सगळ्या भावजयांच्या फोनमध्ये ते गाणं गेलं. ज्या जीपवाल्यावर एक गाणं होतं त्यानं ते स्टँडवरच्या बाकी सगळ्या जीपवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये भरायला लावलं, आणि मग बाकीचे रुसले की आमच्यावर का नाही. लग्नाच्या याद्यांत साडभावाचं नाव यायला लागलं. लोक त्याला जेवायला बोलावून सांगायचे, आमच्या व्याह्यावर एक होऊ द्या. अपमान करून घ्यायला लोकांनी रांग लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. माझ्या आठ गाण्यांत ज्यांचा अपमान आहे ते पुण्यात बसलेले किंवा मंचावर बसलेले. त्यांना पत्ताही नाही, आणि उत्तर द्यायला मी जागाही ठेवली नव्हती. टोमणा ज्याला मारला तोच तो डोक्यावर घेऊन गावभर हिंडतो, तेव्हा अल्बम खपतो. हे मला कळलं. कळून फायदा झाला नाही, जळणं कमी झालं नाही.

पण आता वेगळ्याच गोष्टीवर जळायला लागलो होतो.

सगळी गाणी मीच कापली-जोडली होती, त्यामुळे यादी मला तोंडपाठ होती. सासरे, सासूबाई, मेहुणा, मेहुणी, जीपवाला, अंगणवाडीतली बाई, सासऱ्यांचा शेजारी, शेजाऱ्याची कधीच न भुंकणारी कुत्री. माझ्या मुलीवरसुद्धा एक होतं. ती बारा वर्षांची, मोबाइलमध्ये डोकं घालून भिंतीवर आदळते म्हणून, आणि तिनं मावसाजीला असं उत्तर दिलं होतं की तिच्या शाळेतल्या मैत्रिणी घरी तिला बघायला आल्या. बायकोवर नव्हतं, पण तिला त्याचं काही वाटत नसावं असं मी धरून चाललो. आणि माझ्यावर नव्हतं. कुत्रीवर आहे, माझ्यावर नाही.

आधी मला वाटलं विसरला असेल. मग वाटलं, शेवटी ठेवलं असेल, थाटात. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "झालं भाऊ. लय त्रास देल्ला तुमाले." आणि माझ्या पायाला हात लावला.

मग मी त्याला वाव देऊ लागलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मिशी काढून टाकली. बारा वर्षं ठेवलेली मिशी, तिच्याशिवाय माझा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो, आरशात मलाच हसू आलं. साडभाऊ म्हणाला, "बरं केलं, उन्हाळा हाय." एकदा त्याला मुद्दाम माझी फजिती सांगितली. एका निवडणुकीत मी घाईत एका उमेदवाराच्या नावापुढे दुसऱ्याचं चिन्ह बोलून ठेवलं होतं, आणि तो ऑटो सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या पेठांतून फिरला होता. यावर पोतंभर टोमणे निघतात. तो गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "होते भाऊ. कामात होते." मेहुणी म्हणाली, "जिजाजी, तुमी बसा ना, चहा आणतो." त्यांच्या घरात मला कायम हेच. तुमी बसा. तुमी खुर्चीवर बसा. बाकी सगळे सतरंजीवर मांडीला मांडी लावून एकमेकांची सालटी काढत बसायचे, मी खुर्चीवर.

पोळ्याला तर हद्द झाली. तोरणाखाली सगळा गाव जमलेला, अल्बमातल्या लोकांचा भाव वधारलेला. अंगणवाडीतली बाईसुद्धा ओळखीच्या लोकांना हात दाखवत होती. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला न्याहाळलं आणि सासऱ्यांना विचारलं, "हे कोन पाव्हणे?"

"मोठे जावई होत," सासरे म्हणाले.

"याईच्यावर काहून नाई मंग?"

सासऱ्यांनी बैलाच्या कपाळावरचा बाशिंगाचा दोरा उगाच घट्ट केला आणि म्हणाले, "थे अमरावतीले रायतात." सोळा वर्षं जावई असलेल्या माणसाबद्दल हे उत्तर. त्या दिवशी मी पुरणपोळी खाल्ली ती कशी खाल्ली माझं मला माहीत.

अल्बमचा दुसरा भाग काढायचं चाललं होतं. मी ठरवलं की त्यात आपलं नाव आलंच पाहिजे. तुरीचा हंगाम सुरू होता, मिल जोरात होती, त्याला अमरावतीला यायला वेळ नव्हता. मग मीच एका रविवारी सकाळी जुन्या रेकॉर्डिंगची कॉपी द्यायच्या निमित्तानं अकोल्याला गेलो. तो मिलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आला. भुवया, पापण्या, कान, सगळीकडे डाळीची पिवळी भुकटी. चहा सांगितला. मी आडवळणानं विचारणार होतो. पण ग्लास हातात आला आणि तोंडातून सरळच निघालं.

"माझ्यावर काहून नाही?"

त्यानं चहा फुंकायचा थांबवला. "काय भाऊ?"

"सगळ्यांवर केलं. कुत्रीवर केलं. माझ्यावर काहून नाही?"

"तुमच्यावर कोन सांगन पण?"

"सांगायला कोण कशाला पाहिजे? तू लिही की."

"मी?" तो इतका मनापासून हसला की भुवयांतली भुकटी चहात पडली. "मी कवा लिवलं भाऊ? मी सामानाची यादी लिवतो तं मालक म्हणते, हे वाचाले कोन आणू. मी तं फक्त बोंबलतो. सांगते ताईच ना."

"कोण ताई?"

"तुमच्या घरची. दुपारी दोघी बहिणी फोनवर बसतात, ताई सांगते, आन् ही वहीत उतरवते. तुमाले माहीत नाई?"

मी त्याला एकेक विचारत गेलो. मामाजींच्या ब्रेकचं? ताईचं. त्यांचं उत्तर? थेही ताईचं, मामाजीकून आठ दिवस पाठ करून घेतलं फोनवर. मामींच्या फोनचं? ताईचंच. आणि ते ताटात चुरी पडते?

"थे तं माह्या साखरपुड्यातलं होय," तो म्हणाला. "मी शिंकलो, आन् ताईनं तठीच जुळवलं. सारा मांडव हसला. फक्त तवा गॉगल नव्हता, टोपी होती. तुमी पाव्हण्यायले आणाले स्टँडवर गेल्ले होते."

माझा चहा तसाच होता. टपरीवाला दोनदा बघून गेला. मी म्हणालो, "मग तिला सांग की माझ्यावर एक दे."

"म्हटलं होतं ना मी. म्हटलं ताई, भाऊवर दे एक, भाऊ भल्ला खूश होईन. थे म्हणे, त्यायचं सोडून द्या."

"बस? एवढंच म्हणाली?"

तो ग्लासात बघायला लागला. "जाऊ द्या ना भाऊ."

"सांग."

"म्हणे, तुमी गाणं म्हणून निंगून जासान. मले त्या घरात राहा लागते."

हे बोलून त्याला बिचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं. त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, मला बसपर्यंत सोडायला आला, खिडकीतून केळी दिली. मी त्याच्यावर वर्षभर जळलो होतो आणि तो माझ्यासाठी केळी निवडत होता, डाग नसलेली.

बस मूर्तिजापूरला येईपर्यंत मी संतापलेला होतो. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझी बायको माझ्या प्रतिस्पर्ध्याला ओळी देते. मी आठवडा आठवडा डोकं फोडत होतो तेव्हा ही पलीकडच्या खोलीत होती. मी तिला माझी आठही गाणी वाचून दाखवली होती आणि ती "छान हाय" म्हणाली होती. तिनं एकदा म्हणायचं होतं की यात काही दम नाही. बडनेऱ्यापर्यंत संताप राहिला, पुढे तो टिकेना. जळायचं तर आता कोणावर जळायचं? साडभावाकडे काहीच नव्हतं. जे होतं ते माझ्याच घरात होतं, आणि मी घरी नसताना होतं. मेहुणीला ते मिळत होतं, सासूबाईंना, मांडवातल्या पाहुण्यांना, बारा वर्षांच्या माझ्या पोरीला मिळालं होतं. त्या सगळ्यांचा मला इतका हेवा वाटला की शेजारच्या सीटवरच्या माणसानं मला विचारलं, बरं वाटत नाही का.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलगी शिकवणीला गेली होती. बायको मागच्या ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी चपला काढून तिच्यासमोर पायरीवर बसलो. ती म्हणाली, "खुर्ची आणू का?" मी नको म्हणालो. तिला कळलं असावं. अकोल्याहून फोन आधीच आला असणार. ती पानं तोडत राहिली.

"ते ब्रेकचं फार चांगलं आहे," मी म्हणालो.

ती मान खाली घालून हसली. "बाबाची गाडी तशीच हाय."

"माझ्यावर एक म्हण."

"काही तरी काय."

"म्हण ना. मी हसेन."

तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मिशी नसलेलं तोंड, प्रवासानं चुरगळलेला शर्ट, हातातली केळ्यांची पिशवी, सगळं तिनं पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी आलं. अगदी आलं होतं, मी पाहिलं. मग ते गेलं.

"नाई येत," ती म्हणाली. "तुमच्यासमोर नाई येत मले."

"सोळा वर्षांत एकही नाही आलं?"

"आलं होतं ना. लग्नाच्या पयल्या साली. तुमचे मित्र जेवाले आले होते, तवा म्हटलं होतं एक. सारे हसले होते."

मला काहीही आठवलं नाही. आठवून पाहिलं, मित्र आठवले, त्यांनी आणलेली घड्याळाची भेट आठवली. बाकी काही नाही.

"मग?"

"मंग काय. तुमी नऊ दिवस बोलले नाई माह्यासंगं."

"पण म्हटलं काय होतंस?"

तिनं खरोखर आठवून पाहिलं. अंबाडीची काडी हातात तशीच धरून, भिंतीकडे बघत.

"थे नाई आठवत," ती म्हणाली. "नऊ दिवस आठवतात."